हात-वर गाणं आणि नियम क्रमांक सात

दत्तजयंतीनंतरचा चौथा दिवस, दुपार

आदरणीय सदाशिवभाऊ यांस,

नेर बसस्टँडच्या निवृत्त वाहतूक नियंत्रकाचा, म्हणजे तुमच्या मेहुण्याचा, मारोतरावचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमचे गुडघे नागपूरच्या थंडीत काय म्हणतात? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. काळा चष्मा लावून त्या पोळ्या लाटतात आणि तुम्ही बघत बसता असंही कळलं, पण त्यात मी पडत नाही. आबांची पेटी तुमच्या कपाटावर आहे ना अजून? (सहज विचारलं.) तुमच्या धाकट्या बहिणीची प्रकृती उत्तम आहे. आवाज तर फारच उत्तम आहे आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. माझीही प्रकृती बरी, फक्त मान चार दिवसांपासून जरा खाली आहे. पण ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. आमच्या घरात फोनवर बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि मला बसस्टँडची सवय असल्यामुळे समोरच्या ओळीतही ऐकू जातं. शिवाय एव्हाना तुमच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आलाच असेल. त्यात बाभुळगावच्या दत्तमंदिरात, बायकांच्या भजनात, दोन्ही हात वर करून डोळे मिटून उभा असलेला जो पांढऱ्या टोपीतला इसम दिसतो, तो मीच. मी ते नाकारत नाही. पण त्याच्या आधी काय काय झालं ते व्हिडिओत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी गाणं सांगतो. गेल्या वैशाखात आमच्या बबनरावांचा कपिल (याने ट्रॅक्टर विकून गाडीवर भोंगे चढवले आणि आता तो डीजे म्हणवतो) एक गाणं घेऊन आला. गाणं युरोपातलं. तिकडे म्हणे दोन-चार देशांत ते पहिल्या नंबरावर होतं. सुरुवातीला एक धिप्पाड बाई नुसत्या गळ्याने गाते. पेटी नाही, तबला नाही, फक्त टाळ्या. तिच्यामागे लांब झगे घातलेली वीस-पंचवीस माणसं तिची ओळ उचलतात. इथपर्यंत सगळं सभ्य आहे. मग एकाएकी खालून थ्रेशर सुरू झाल्यासारखी धाडधाड लागते आणि सगळे हात वर करतात. गाण्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण कपिलने ते पेनड्राइव्हमध्ये ‘चौदा नंबर’ म्हणून भरलं होतं. सगळा तालुका त्याला ‘हात-वर’ म्हणू लागला. वैशाखात आमच्या गावात सात लग्नं झाली आणि सातही वरातींत हात-वर वाजलं. मुजफ्फरच्या ऑटोत तेच, रसवंतीवर तेच, नेरच्या मार्केटात कापसाच्या गाड्या खाली होईपर्यंत ड्रायव्हर लोकांचं तेच. तांड्यावरच्या गुलाबसिंग काकांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी नातवाच्या वरातीत हात वर केले, ते खाली आणायला दोन माणसं लागली. खांद्याला तेल चोळून घेताना ते म्हणाले, पुढच्या लग्नातही करीन.

मला हे गाणं पसंत नव्हतं. मी पुरुष भजनी मंडळाचा अध्यक्ष आहे, काहीतरी नापसंत असणं हे माझं कामच आहे. मी पारावर बसून दहा मिनिटं बोललो. (साधं बोललो तरी ते चार फलाटांपर्यंत जातं.) म्हणालो की ही करमणूक आपली नव्हे, आणि त्यातले शब्द नक्की अचकटविचकट असणार, कारण न समजणारे शब्द बहुतेक तसेच असतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या मंडळातल्या रामधनने विचारलं की तुम्ही ऐकलं किती वेळा, तर मी सांगितलं की सोळा, पण नाइलाजाने.

आता महिला मंडळाचं. तुम्हाला माहीत आहे, तुमच्या बहिणीचं, कोकिळेचं मंडळ दर मंगळवारी तीन वाजता मारुतीच्या सभामंडपात बसतं. बावीस वर्षं झाली. त्यांच्याकडे पेटी नाही, म्हणून माझी नेतात आणि पाचला परत आणून ठेवतात. माझी समजूत अशी की एखादी बाई एक पट्टी दाबून नुसता सूर धरत असेल. मी कधी ऐकायला गेलो नाही. पुरुष मंडळाच्या अध्यक्षाने महिला मंडळाच्या खांबाला टेकून उभं राहणं बरं दिसत नाही, असं मला वाटायचं. पण कार्तिकातल्या एका मंगळवारी माझा चष्मा पेटीच्या खोक्यातच राहिला आणि मला जावं लागलं. पायऱ्यांवर पाय ठेवला आणि आतून हात-वर ऐकू आलं. रुपीबाई (तांड्यावरच्या, या बाईने शेतातून हाक मारली की बस थांबायची, हे मी नोकरीत अनुभवलं आहे) पहिली ओळ म्हणत होत्या आणि मागच्या दहाजणी ती उचलत होत्या. शब्द तुमच्या बहिणीचे:

डोईवर भारा माय, हात कसे जोडू,
तूच सांग माय आता, भारा कुठं सोडू.

आणि मागच्या म्हणत होत्या, ‘ठेव खाली, ठेव खाली’.

मी चष्मा न घेताच परत आलो. भाऊ, चाल घेणं हा आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे हे मलाही कळतं. भजनाच्या कोणत्याही वहीत वर ‘चाल’ लिहिलेली असते आणि खाली शब्द. मी स्वतः आपल्या तरुणपणातल्या चार सिनेमांच्या चालींवर अभंग बसवले आहेत. (गाणं चाळीस वर्षं जुनं झालं की त्याची चाल सोवळी होते, असं माझं मत होतं.) अडचण दुसरीच होती. त्यांना हे भजन दत्तजयंतीला बाभुळगावच्या स्पर्धेत म्हणायचं होतं, आणि त्या स्पर्धेचा नियम क्रमांक सात असा आहे: ‘चित्रपटातील अगर तत्सम चालीवर भजन म्हटल्यास मंडळ बाद.’ आठ वर्षांपूर्वी मी कमिटीवर असताना हा नियम मीच लिहिला. ‘अगर तत्सम’ हे दोन शब्द तर मी रात्री विचार करून सकाळी घातले होते. म्हणजे तुमची बहीण तिच्या माहेरच्या गावी, तुमच्या वडिलांनी, आबांनी ज्या मंदिरात तीस वर्षं पेटी वाजवली त्या मंदिरात, सगळ्या ओळखीच्या माणसांसमोर, नवऱ्याच्या नियमाने बाद होणार होती. मी तिला हे समजावून सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

“बाद केलं त केलं,” म्हणाली. “मले ते तिथंच म्हणायचं हाये.”

यावर समंजस नवऱ्याने काय करावं? गप्प बसावं. मी दोन गोष्टी केल्या. पहिली, स्पर्धेच्या आठ दिवस आधी माझी पेटी उचलली आणि ती बिघडली आहे असं सांगून नेरला जफरभाईंच्या दुकानात नेऊन टाकली. (पेटी ठणठणीत होती.) सूर धरायला पेटीच नसली की बायका आपोआप बेत सोडतील, असा माझा हिशेब. जफरभाईंना संशय येऊ नये म्हणून वर म्हणालो, पुरी खोलून पाहा, घाई नाही. दुसरी गोष्ट, त्या गाण्याच्या शब्दांचा अर्थ कागदावर लिहून घ्यायचा आणि कोकिळेसमोर ठेवायचा असं ठरवलं. जफरभाईंची गझाला शाळेत इंग्रजी शिकवते, तिच्याकडून. पण तुरीवर फवारणी आली, पाहुणे आले, आणि मी नेरला पोचलो ते थेट दत्तजयंतीच्या सकाळी. मनात असं की कागदही घ्यावा आणि पेटीही घ्यावी, कारण दुपारी आमचं पुरुष मंडळही स्पर्धेत होतंच.

दुकानात माझी पेटी तीन वर्तमानपत्रांवर पसरली होती. सुरांच्या पितळी जिभा एकीकडे, पट्ट्या एकीकडे, भाता खुंटीला. मी म्हटलं, जफरभाई, हे काय. ते म्हणाले, तुम्हीच म्हणालात पुरी खोलून पाहा. बिघाड काही सापडला नाही, पण तुमच्यासारखा माणूस उगाच आणणार नाही म्हणून भाता नवा लावला. सरस वाळायला अजून दोन दिवस. मी हो म्हणालो. खोटं बोलणाऱ्याला रागावण्याची सोय नसते, हे त्या दिवशी कळलं.

गझाला मागे वह्या तपासत बसली होती. तिला म्हटलं, बाई, त्या हात-वरचा अर्थ मराठीत लिहून दे, कितीही वाईट असला तरी लाजू नकोस. तिला गाणं परत ऐकावंही लागलं नाही, तिच्या वर्गातली पोरं रोज म्हणतात. तिने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: ‘मी वाट चुकले होते, तू हाक मारलीस. माझ्याने आता चालवत नाही, माझा हात धर, मला वर ने.’ आणि मागची माणसं म्हणतात, ‘वर ने, वर ने’. मी तीनदा वाचलं. विचारलं की वाईट कुठे आहे. ती म्हणाली, काका, वाईट नाहीच. त्यांच्या चर्चमध्ये म्हणतात तसलं हे भजन आहे, धाडधाड मागून कोणीतरी लावली. आणि हसली नाही, हे तिचे उपकार.

मी बाकावर बसलो. जफरभाईंनी चहा मागवला आणि माझ्या पेटीची एक पट्टी उजेडात धरली. म्हणाले, आवाजात तुमची पेटी बरी आहे, पण आबांच्या पेटीची गोष्ट वेगळी, ती आहे कुठे? आबा बाभुळगावहून ती जफरभाईंच्या वडिलांकडे दुरुस्तीला आणायचे आणि बाजारात जायचे. दहा-बारा वर्षांची कोकिळा दुकानात बसून ती वाजवत राहायची, आणि जफरभाईंचे वडील काम सोडून ऐकत बसायचे. मी म्हणालो, काहीतरी घोटाळा होतो आहे, आमची मंडळी पेटी वाजवत नाही. जफरभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“तुमी पांढरी एकमधी म्हणता, मारोतरावजी,” ते म्हणाले. “मंग ह्या वरच्या काळ्या पट्ट्यांचा रंग कोणं झिजवला?”

(पांढरी एक म्हणजे माझा नेहमीचा सूर, सगळा पांढऱ्या पट्ट्यांवरचा.) मी पट्ट्या बघितल्या. माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवर थोडी झीज होती. वरच्या काळ्या पट्ट्यांचा रंग पार उडून लाकूड दिसत होतं, आणि तिथे माझं बोट आयुष्यात कधी गेलेलं नाही. बावीस वर्षांचे मंगळवार होते ते. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, भाऊ, आणि माझी बायको माझ्यापेक्षा जास्त पेटी वाजवते हे मला एका दुकानदाराने पट्टी दाखवून सांगितलं. मला फार लाज वाटली. चहा तसाच राहिला.

स्पर्धेचं थोडक्यात सांगतो, म्हणजे आमच्या मंडळाचं थोडक्यात. आमचा नंबर चौथा होता. पेटी नव्हती, म्हणून सूर मी गळ्याने दिला, आणि जुन्या सवयीने तो ‘यवतमाळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर’ या उंचीचा दिला गेला. पहिल्या कडव्यात रामधन गळाला. दुसऱ्यात टाळकरी नुसते ओठ हलवू लागले. तिसऱ्या कडव्यात मी आणि मृदंग असे दोघेच उरलो, आणि मृदंगालाही माझी कीव येत असावी.

महिला मंडळ सहावं. बायका पेटीशिवायच आल्या होत्या. त्यांनी बेत सोडला नव्हता, माझ्याकडे तक्रारही केली नव्हती. रुपीबाई उभ्या राहिल्या आणि नुसत्या गळ्याने पहिली ओळ म्हणाल्या. मागून टाळ्या. मग एक खंजिरी. म्हणजे युरोपात ते जसं सुरू होतं अगदी तसंच इथे सुरू झालं. (हा योग माझ्यामुळे आला, तरी त्याबद्दल कोणी माझे आभार मानलेले नाहीत.) दुसऱ्या ओळीला मंदिरातल्या बायका मागे ‘ठेव खाली, ठेव खाली’ म्हणू लागल्या. खांबाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी एक जण म्हणाला, ही आबांची कोकिळा ना? आणि तेवढ्यात परीक्षकांनी घंटी वाजवली.

परीक्षक केळापूरकडचे निवृत्त संगीत शिक्षक, सज्जन माणूस. म्हणाले, ही चाल मी पुतणीच्या वरातीत ऐकली आहे, नियम सात लागतो. परीक्षक पुढे म्हणाले की नियम लिहिणारे मारोतराव इथेच बसले आहेत, ‘तत्सम’मध्ये हे येतं की नाही ते त्यांनीच सांगावं. कोकिळा परीक्षकांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी काय बोलणार हे चव्वेचाळीस वर्षांपासून माहीत असल्यासारखी बघत होती.

मी उठलो. म्हणालो, नियम माझा आहे आणि ‘तत्सम’सुद्धा माझंच. तत्सम म्हणजे करमणुकीची चाल. मग खिशातून गझालाचा कागद काढला आणि बसस्टँडच्या आवाजात वाचून दाखवला. पुढे म्हणालो, हे तिकडच्या बायामाणसांचं भजन आहे. कोणीतरी त्याच्याखाली डीजे लावला आणि ते वरातीत गेलं. आमच्या बायकांनी डीजे काढून ते परत देवळात आणून ठेवलं, यात बाद करण्यासारखं काय आहे? बाद करायचंच असेल तर बाहेर कपिलची गाडी उभी आहे.

परीक्षकांनी कागद मागून घेतला, स्वतः वाचला, आणि म्हणाले, पहिल्यापासून म्हणा. तिकडची बाई ‘वर ने’ म्हणते आणि आपली ‘खाली ठेव’ म्हणते, पण भार तोच आहे हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. शेवटच्या कडव्यात भारा खाली ठेवल्यावर हात मोकळे होतात, म्हणून बायकांनी हात वर केले. मग मंदिराने केले. माझे केव्हा गेले ते मला ठाऊक नाही. लक्षात आलं तेव्हा कपिलचा मोबाइल माझ्यासमोर होता.

पहिला नंबर केळापूरचा आला, दुसरा आपल्या महिला मंडळाचा. आमचा नववा. (मंडळं नऊच होती, पण आम्हाला ‘उल्लेखनीय सहभाग’ असं प्रशस्तिपत्र आहे.) परत येताना गाडीत यवतमाळ मागे पडलं. मग कोकिळा म्हणाली, “बोलले बरं तुमी.” मी ते तीन शब्द अजून जपून ठेवले आहेत.

आता गावात हा गोंधळ आहे की कपिलला बायकांच्या भजनाखाली पुन्हा धाडधाड लावायची आहे. तीन वरातींची मागणी आली म्हणतो. रुपीबाईंनी परवानगी दिली, पण अट घातली की आधी टाळ्या पुऱ्या होऊ द्यायच्या. गुलाबसिंग काका खांद्याला तेल लावून तयार आहेत. मी पारावर यावर अद्याप काही बोललेलो नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्यांची काळजी घ्या.

आपला,
मारोतराव

ता.क. पत्राचं खरं काम आता लिहितो. आबांच्या तेराव्याला ओसरीवर तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतं की पेटी कोकिळेला देऊ का. ती काही बोलायच्या आत मी म्हणालो होतो, आमच्या घरात एक पेटी आहे, दुसरी ठेवायची कुठे. ती तेव्हा पंगतीत वाढत होती. वरणाचं भांडं हातात होतं. तिने ऐकलं आणि पुढच्या पानाकडे गेली. त्यावर ती आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. मी चुकलो होतो, भाऊ. ती पेटी तिला द्या. जागा आहे. माझी पेटी मी माळ्यावर ठेवतो.

आणखी एक. पेटी गोधडीत गुंडाळून सकाळच्या नेर गाडीत द्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली. कंडक्टरला माझं नाव सांगा, अजून चालतं. आणि कोकिळेला यातलं काही कळू देऊ नका. मंगळवारी तीनच्या आत सभामंडपात नेऊन ठेवणार आहे.

शेवटचं. पाकीट बंद करत होतो तेव्हा कोकिळा चहा घेऊन आली. कोणाला लिहिता म्हणाली. म्हटलं, भाऊंची तब्येत विचारतो आहे. तिने पानं मोजली नाहीत, नुसती जाडी बघितली.

“तब्येत इचारायले एवढी पानं लागते काय?” म्हणाली. “पेटी मांगतली असन त भाऊले सांगा, आडवी ठेवू नका म्हणा, सूर बसते. अन् तुमी मंगळवारी मांगं बसजा. आमच्याइथं टाळकरी कमी हाये.”

तेव्हा पेटी उभीच ठेवा. मी टाळ शोधायला जातो आहे, माळ्यावर कुठेतरी असावेत.